घरचीच म्हणून

पेठ,
१२ जानेवारी २०२५

ती.स्व. भगवंतमामांस,
वृषालीचा सा. न. वि. वि.

तुमचे फोन उचलले नाहीत, कारण उचलला असता तर रडू आलं असतं. पुण्याच्या प्रशिक्षणात तुम्ही केलेलं भाषण इथे वाडीवर घरोघरी मोबाईलवर बघून झालंय. त्यात तुम्ही नाव घेऊन सांगता की वृषालीबाईंना हातच्याची वजाबाकी शिकवता येत नव्हती, बाई बैठकीत रडल्या, मग मुख्याध्यापक म्हणून मी त्यांना घडवलं.

मामा, दर शनिवारी शाळा सुटल्यावर चहा घेत प्रत्येकाने आपलं काय अडलं ते सांगायचं, बाकीच्यांनी वाट काढायची आणि खोलीतलं खोलीतच ठेवायचं, हा नियम तुमचाच. त्याच्याच भरवशावर मी बोलले. आणि मला घडवलं कोणी? संपत गुरुजी माझ्या वर्गात येऊन मुलांबरोबर सतरंजीवर बसले, काड्यांचे गठ्ठे त्यांनी सुचवले. त्यांचं नाव भाषणात कुठेच नाही.

काल धोंडाबाई दारात येऊन सांगून गेल्या की बाईलाच येत नसेल तर नातीला मंचरच्या इंग्रजी शाळेत घालते. आणखी दोघीतिघी तेच म्हणतायत. माझा तिसरीचा वर्ग मोडायला आलाय. दुसऱ्या कुणी केलं असतं तर इतकं लागलं नसतं.

तुमचीच भाची,
वृषाली


पुणे,
१५ जानेवारी

चि. वृषालीस,
मामाचे अनेक आशीर्वाद.

अगं वेडे, किती मनाला लावून घेशील. मी तर तुझं कौतुकच केलं, सगळं सभागृह टाळ्या वाजवत होतं. शाळा सतत सुधारायची तर अडचण लपवून चालत नाही, हे पटवायला खरं उदाहरण लागतं. संपतचं नाव घ्यायचं तर त्याला विचारावं लागलं असतं, आरतीबाईंचं उदाहरण द्यावं तर त्या आधीच हळव्या. तू घरची. तुला काय विचारायचं?

धोंडाबाईला मी आल्यावर समजावतो, ती माझं ऐकते. शनिवारची बैठक मात्र चुकवू नकोस, पुढच्या महिन्यात इथल्या प्रशिक्षणातले पाहुणे तीच बघायला येणार आहेत. आणि लई रुसू नकोस, येताना तुझी आवडती बिस्किटं आणतो.

मामाचा लोभ आहेच, तुझाही राहू दे.
भगवंत


पेठ,
१९ जानेवारी

मा. मुख्याध्यापक यांस,
स. न. वि. वि.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे काल बैठक झाली. चहा मीच ठेवला. आरतीबाईंची दुसरीतली मुलं जोडाक्षरं वाचताना अडतात, हे त्या शुक्रवारी मला वऱ्हांड्यात सांगत होत्या. काल म्हणाल्या की वर्ग छान चाललाय. संपत गुरुजीही तेच म्हणाले. माझी पाळी आली तेव्हा मीही तेच म्हणाले. चहा निवायच्या आत सगळे उठले.

धोंडाबाईंची नात संस्कृती उद्यापासून मंचरला जाणार. जाताना तिने मला फळ्यावर हातच्याची वजाबाकी करून दाखवली. बरोबर होती.

पाहुण्यांना खुशाल आणा. आपल्या शाळेत आता कुणाचंच काही अडत नाही.

लोभ असावा असं घरच्यांना लिहितात, म्हणून इथेच थांबते.

आपल्या शाळेतील शिक्षिका,
वृषाली