कंपनीचं दुपटं

बाबा,

परवा आपल्या आळीतली मंडळी घरी आली होती. तुमचा फोटो नाट्यगृहात लावायचाय, त्या दिवशी तुमच्या अंगाईबद्दल मी दोन शब्द बोलावेत म्हणे. मी चहा केला, हसून वेळ मारून नेली आणि ते गेल्यावर दार धाडकन लावलं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण त्या अंगाईचं नाव काढलं की माझं डोकं अजून फिरतं.

नाटकात नवऱ्याने टाकलेल्या बाईचं काम तुम्ही करायचात. वर्षानुवर्षं गावोगाव तेच नाटक, तीच अंगाई, आणि आई नि मी इथे पनवेलला. वर्षातून एकदा यायचात, दोन-चार दिवस राहायचात, आणि गळा जपायचा म्हणून माझ्याशी खुणांनी बोलायचात. टाकलेल्या बाईचं दुःख तुम्ही कुठे पाहिलंत, हे मात्र तुम्हाला कधी कुणी विचारलं नाही. आईने तिच्या हिरव्या लुगड्याचं माझ्यासाठी दुपटं शिवलं होतं, कडेला लाल दोऱ्याचे टाके घालून. ते तुम्ही घेऊन गेला होतात. 'तुझी आठवण म्हणून नेलंय हो त्यांनी,' आई सांगायची. वर्गातल्या मुलींना मी हे किती वेळा ऐकवलं असेल!

बोलपटांपुढे नाटक कंपनी टिकेना, तेव्हा मालकांनी शेवटचा प्रयोग पनवेललाच लावला. रविवारी दुपारी, बाजाराजवळच्या मैदानात कनाती ठोकून. मी तेव्हा बारा-तेरा वर्षांची. तुम्हाला रंगमंचावर पहिल्यांदाच बघणार होते आणि त्यानंतर तुम्ही कायमचे घरी येणार होतात, त्या आनंदात सकाळपासून घास गेला नव्हता. तिसऱ्या अंकात तुम्ही मांडीवर लाकडी बाहुली घेऊन बसता. तिला थोपटता, आणि मला लाल टाके दिसतात. माझं दुपटं. विटलेलं, तोंडाला लावायच्या रंगाचे डाग पडलेलं. आठवण कसली, गावोगाव तुम्ही त्यात लाकूड गुंडाळून निजवत होतात! 'आई, ते माझं आहे,' मी म्हटलं. 'ऐकून घे गं,' ती माझ्याकडे न बघता म्हणाली. शेजारी ओवे गावची एक म्हातारी डोळे पुसत होती. मला म्हणाली, 'आय अशी पायजे. पोर नशिबाचा हाय गो.' वन्समोअर, वन्समोअर म्हणून मंडप दणाणला. तुम्ही पुन्हा गायलात. पुन्हा ओरडा झाला, पुन्हा गायलात. त्या लाकडासाठी गळा जपायची गरज नव्हती.

पडदा पडल्यावर आम्ही दोघी आत आलो. तुम्ही खोबरेल तेलाने रंग पुसत होतात. मी म्हटलं, 'बाबा, माझं दुपटं द्या.'

'अगं, ते कंपनीचं सामान आहे,' तुम्ही म्हणालात. 'मालकांना सगळं परत करायचंय.'

आईने माझा हात धरून मला मागे ओढलं, त्याचाही मला संताप आला. दुपटं बाहुलीसकट पेटाऱ्यात गेलं.

मग तुम्ही घरी राहिलात, मरेपर्यंत राहिलात, आणि एक ओळ गायला नाहीत. माझ्या मुलाच्या बारशाला बायका पाळण्याभोवती जमल्या होत्या. सगळ्यांदेखत मी तुम्हाला म्हटलं, 'बाबा, म्हणा ना.' तुम्ही म्हणालात, 'ऑर्गनच्या साथीशिवाय मला जमत नाही.' स्वतःच्या नातवासमोर, बाबा! मी हसले आणि घुगऱ्या वाटायला घेतल्या.

मंडळींना मी नाही म्हणून कळवणार आहे. हा कागदही कुणाला दाखवणार नाही. पण आता आईसुद्धा नाही, तेव्हा एक सांगून टाकते. त्या दुपारी तुम्ही तिसऱ्यांदा गाऊन थांबलात आणि लोकही ओरडून दमले, तेव्हा बायकांच्या बाजूने एकच बारीक आवाज वन्समोअर म्हणत राहिला होता. तुम्ही त्या बाजूला बघून हात जोडलेत आणि पुढचं वाक्य म्हणायला लागलात.

तो आवाज माझा होता.