मऊ चकली

पाडवा, संध्याकाळ

आज माझ्यावर घोर अन्याय झाला. दत्ताकडच्या फराळात चकली मऊ निघाली. कडक भाकरीचा तोरा मिरवणाऱ्या सोलापुरात मऊ चकली!

"वहिनी, ही चकली तळली की वाफवली?" मी भर बैठकीत विचारलं.

त्या मला आत घेऊन गेल्या. "भावजी, यांना कडक गिळवत नाही. पुढच्या आठवड्यात घशाचं ऑपरेशन आहे. आवाज राहील का, डॉक्टर सांगत नाहीत."

दत्ता म्हणजे आमच्या हौशी संगीत नाटकांचा नायक. दर दिवाळीला फराळानंतर तो पद म्हणतो, सगळे 'वन्स मोअर' ओरडतात. मी एकटा 'पडदा पाडा' ओरडतो.

आजही तो गायला. पण तानेवर आवाज फाटला नि तो थांबला. त्यानं माझ्याकडे बघितलं. "ओरड की लेका, पडदा पाडा म्हणून."

एरवी न विचारता चालणारी ही जीभ... आजच का अडली? तोंडात ती मऊ चकली तशीच. तीही गिळवेना.

निघताना तो दारापर्यंत आला. चप्पल घालता घालता, त्याला एकट्याला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात, इतक्या दिवाळ्यांची उधारी फेडली.

"वन्स मोअर, दत्ता."