पाच सेकंदांचं अंतर

डोंबिवली, सोमवार, १२ जानेवारी १९८७

अजून डोकं तापलेलंच आहे. आज नववीच्या माझ्या विज्ञानाच्या तासाला मुख्याध्यापक येऊन बसले. मी सांगत होते, की माणूस नेणाऱ्या सुरुवातीच्या अमेरिकन यानाला परतताना वेग कमी करायला तीन रॉकेटं असायची आणि ती पाच-पाच सेकंदांच्या अंतराने पेटायची. सर मध्येच म्हणाले, "बाई, ब्रेक एकदमच दाबतात. उद्या मुलींसमोर चूक दुरुस्त करा."

चूक? रॉकेटचा जोर यानाच्या अगदी मध्यातून कधीच जात नाही, जरासा तिरका पडतोच. तिन्ही एकदम पेटली असती तर यान असं फिरलं असतं, की सावरणं कठीण. म्हणून ते पाच सेकंद! हे तिथेच का नाही बोलले मी? नोकरी अजून कायम झाली नाही म्हणून?

संध्याकाळी हे म्हणाले, "चुकले म्हणून टाक ना, काय बिघडतं?"

"अहो, चाळीस मुली चुकीचं शिकतील, ते बिघडतं."

उद्या फळाभर आकृती काढणार, सरांच्या देखत. कायम नाही केलं तर नाही केलं.