हाक ऐकण्याचं बटण

॥ श्री ॥
वरची वाडी, ता. देवगड
१८ नोव्हेंबर २०२४

चि. शेवंतीस,
दत्तारामचे अ. उ. आ.

पत्र बघून दचकू नकोस, सगळे जिवंत आहोत. सगळे म्हणजे मी आणि तुझी वहिनी. मुंबईहून येऊन आठवडा झाला. स्वरयंत्र काढलं, गळ्याला भोक ठेवलंय, त्यातून श्वास घेतो. डॉक्टर म्हणाले, विड्यांनी घात केला, पण आजार मुळापासून गेला. आवाजही मुळापासूनच गेला. मी देवळात वाडीसाठी देवाकडे मागायला, गाऱ्हाणं घालायला उभा राहिलो की खालच्या वाडीतलं माणूस हातातलं काम टाकून ऐकायचं. आता मांजर हाकलायचं तर टाळी वाजवावी लागते. गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र असतं म्हणे, जखम पुरती भरल्यावर बघू म्हणालेत.

तुझ्या वहिनीला साखरेमुळे दिसत नाही आणि मला बोलता येत नाही. देवानं जोडी चांगली जमवली. मी काठी दोनदा आपटली की तिने समजायचं मी आलो, एवढी आमची भाषा. तिच्या तळहातावर अक्षरं काढून बघितली, तर तिला गुदगुल्या होतात, आणि तिसरीपर्यंतची अक्षरं आता तिच्या लक्षातही नाहीत.

काम असं की, तुझ्या मिहीरने वहिनीच्या फोनला बोलून हुकूम सोडायची जी सोय करून दिली आहे ती बंद कशी करायची ते त्याला विचारून कळव. टीव्हीवर कोणी काही बोललं तरी फोन जागा होतो आणि काय मदत करू म्हणून विचारतो. बॅटरीही उतरते. फोनवर लिहून पाठवू नकोस, कारण आलेलं प्रत्येक अक्षर ती फोनातली बाय वहिनीला मोठ्याने वाचून दाखवते.

गुडघ्याला जप. जिन्याच्या वाटेला जाऊ नकोस. लोभ आहेच, तो पोस्टात हरवू देऊ नकोस.

तुझा
दादा

---

॥ श्री ॥
कणकवली
२३ नोव्हेंबर २०२४

ती. दादास,
शेवंतीचा सा. न. वि. वि.

तुझं अक्षर बघून आधी रडले, मग वाचून हसले. गुडघ्यात वाटी बसवल्यापासून मी खुर्चीत बसून आहे आणि तू तिकडे बॅटरीची काळजी करतोस! विहिरीचा पंप दिवसभर चालू ठेवणारा माणूस तू. दादा, मी तीस वर्षं पोरांच्या सबबी ऐकल्यात.

वहिनी मला रोज फोन करते. मी शिवून दिलेल्या पिशवीत फोन गळ्यात अडकवते आणि नुसती हाक मारते, शेवंतीक फोन लाव म्हणून. वाजले किती ते विचारते, भजन लावायला सांगते. मला म्हणाली, ह्या बायक कायव इचारला तर कंटाळना नाय. तू बागेत गेलास की तिला दुसरा सोबती कोण? शेजारचा सत्यवानसुद्धा दिवसभर त्याच्या कलमांत असतो.

मिहीरने सांगितलं ते लिहिते, पण एका अटीवर. सेटिंगमध्ये जाऊन खाली आवाजाची ओळ उघडायची. तिथे हाक ऐकण्याचं बटण निळं असेल, ते डावीकडे सरकवलं की राखाडी होतं. मग कितीही हाका मारल्या तरी फोन ऐकत नाही. अट ही की वहिनीला कळल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही. कसं कळवायचं ते तू बघ. आणि खरं कारण काय तेही मला कळव.

प्रकृतीस सांभाळ. या लंगड्या बहिणीवर माया असू दे.

तुझी
शेवंती

---

॥ श्री ॥
वरची वाडी
५ डिसेंबर २०२४

चि. शेवंतीस,
अ. उ. आ.

मास्तरीण ती मास्तरीणच. घे खरं कारण.

सकाळी मी चुलीवर पाणी ठेवतो, पेज करतो, तिच्या पुढ्यात ताट ठेवतो. ती जेवता जेवता बोलत असते. पूर्वीही बोलायची, मी हं हं करायचो. आता हं करणारा गळा नाही. मागच्या आठवड्यात तिने विचारलं की पेजेत मीठ कमी आहे काय. मी तिच्या हातावर होयची थाप मारायला हात पुढे केला, तेवढ्यात फोन म्हणाला, माफ करा, मला समजलं नाही. आणि ती खळखळून हसली. मुंबईहून आल्यापासून मी तिला हसताना ऐकलं नव्हतं. मी हात मागे घेतला. शेवंते, बायको माझी, पेज मी केलेली आणि उत्तर देणारी भलतीच. बोलते कशी, तर पुण्याच्या बँकेतल्या बाईसारखी.

तेही गिळलं असतं. पण देवदिवाळीला घरातलं गाऱ्हाणं असतं. बाबा गेल्यापासून ते मी घालतो. यंदा ते घालायला सत्यवान येणार होता, पण त्याच्याकडे पाहुणे आले, त्याला उशीर होत होता. मी देवासमोर नारळ घेऊन उभा होतो. वहिनीला वाटलं, वेळ टळेल. तिने त्या बायला सांगितलं की गाऱ्हाणा लाव गो. फोनाने लावलं. कुठल्यातरी नाटकातलं होतं ते, कोणीतरी टवाळ माणूस देवाकडे काहीबाही मागत होता आणि मागे लोक हसत होते. तुझ्या वहिनीने डोक्यावर पदर घेतला, हात जोडले आणि प्रत्येक वेळी मनापासून व्हय म्हाराजा म्हणाली. जन्मभर माझ्या गाऱ्हाण्याला म्हणत आली तशीच. मी तिच्यापासून हातभर अंतरावर होतो.

ती परसात गेल्यावर मी फोन घेतला आणि तुझं पत्र समोर ठेवून बटण राखाडी केलं. तिला सांगितलेलं नाही. सांगायचं तर लिहून त्या बायकडूनच वाचून घ्यावं लागेल. माझ्या घरात माझ्या तोंडचं तिने बोलायचं, हे मला जमणार नाही.

रागावलीस तरी पत्र पाठव.

तुझा
दादा

---

॥ श्री ॥
कणकवली
१२ डिसेंबर २०२४

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून तुझी कीव आली आणि संतापही आला, कशाचं पारडं जड ते मला अजून ठरवता येत नाही. नारळ घेऊन उभा असलेला तू डोळ्यांसमोरून हलत नाहीस. पण दादा, वड्याचं तेल वांग्यावर काढलंस.

वहिनीचा फोन येईना म्हणून मीच लावला. वाजला की ती चाचपून उचलते, तेवढं तिला येतं. मला काय म्हणाली ठाऊक आहे? ती बाय मुकी झाली, तिचोय गळो गेलो वाटता. काय पाप केलंय म्हणून माझ्याशी बोलणारी सगळी मुकी होतत, असंही म्हणाली. माझ्या जिभेवर आलं होतं. पण नवरा-बायकोच्या मध्ये मी फोनवरून पडू नये, हे तुझ्या तोंडूनच यावं, म्हणून गिळलं. तोंड नसेल तर हाताने येऊ दे.

बटण उजवीकडे सरकव. आजच. तू मोहोरावर फवारणीला गेलास की पंपाच्या आवाजात तुला बाहेरचं काही ऐकू येत नाही. तिला काही झालं तर ती कोणाला हाक मारील? संक्रांतीपर्यंत वाट बघते, मग मी स्वतः तिला सांगेन. ही धमकी समज.

लोभ मागत नाही, शहाणपण मागते.

तुझी
शेवंती

---

॥ श्री ॥
कणकवली
२७ जानेवारी २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुम्ही दोघं घरी पोचलात हे सत्यवानने कळवलं. इथल्या हॉस्पिटलात मी रोज येत होते, पण वहिनी जागी असायची, आणि तिच्या कानांपुढे तुझ्याशी काही बोलता येईना. म्हणून हे लिहिते.

खुब्याचं हाड जुळेल, पण साखरेमुळे ती पुन्हा चालेलशी आशा धरू नका, असं डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले. तुलाही म्हणाले असतील.

तू औषधं आणायला गेला होतास तेव्हा तिने मला पडली त्या दिवसाचं सांगितलं. परसात भांडी घासायच्या दगडाजवळ पाय घसरला. पडल्या पडल्या तिने गळ्यातल्या बायला हाक मारली. वाटलं, मुकी झाली असली तरी अडीअडचणीला बोलेल. गोंजारलं, शिव्या दिल्या, पुन्हा गोंजारलं. पिशवी छातीखाली दबली होती, हात निघेना, नुसत्या हाकाच मारत राहिली. मी विचारलं की तू दादाला का नाही हाक मारलीस. तर म्हणाली, तेंका मारून काय उपेग? आयकले तरी ओ खंयसून देतले? मग घसा सुकल्यावर गप्प पडून तुझ्या पंपाचा आवाज ऐकत राहिली. पंप थांबला की तू जेवायला येशील एवढं तिला माहीत होतं. ऊन पार तोंडावर आलं तेव्हा तुझी काठी वाजली.

आणि दादा, हे सांगताना ती तुझं कौतुक करत होती. तेनी माका कशी उचलल्यानी, गळ्याची जखम वली असताना, असं. शेवटी म्हणाली की फोन दुरुस्त करून घे गो, बिचारी बिघडली हा.

खरं काय ते मी तिला सांगितलं नाही. बटण कसं बंद करायचं ते माझ्या अक्षरात तुझ्याकडे आहे, आणि संक्रांतीपर्यंतची मुदत मीच दिली होती. ती संक्रांतीच्या आधीच पडली. माझ्या वाटणीचं मी तिला येऊन सांगेन. तुझ्या वाटणीचं तू सांग. त्या बायच्या तोंडून सांगावं लागलं तरी सांग.

देव तुला बळ देवो. माझ्यावरची माया कमी झाली असेल तरी पत्र धाड.

तुझी
शेवंती

---

॥ श्री ॥
वरची वाडी
१० फेब्रुवारी २०२५

चि. शेवंतीस,
अ. उ. आ.

तुझं ऐकलं.

एका बोटाने टाईप करायला दोन दिवस गेले. कसं सांगायचं ते सुचेना, तेव्हा जे मला येतं तेच केलं. गाऱ्हाणं लिहिलं. सकाळी तिला पुसून, वेणी घालून, पेज भरवून झाली. मग फोन उशाशी ठेवला आणि वाचायला लावला.

बा देवा म्हाराजा, अशी त्या बायने सुरुवात केली. बँकेतली बाई मालवणी बोलायला लागली तर जसं वाटेल तसं वाटत होतं. वहिनी आधी दचकली. मग शब्द माझे आहेत हे तिने ओळखलं. तिचा चेहरा उजळला गो शेवंते. मला दिसत होता. चादरीवर हात जोडले. ज्या डॉक्टरांनी माका वाचवल्यानी तेंचा बरा कर रे म्हाराजा. ती म्हणाली, व्हय म्हाराजा. शेवंतीचो गुडघो बरो कर रे म्हाराजा. व्हय म्हाराजा. यंदा मोहोर धरलो हा, तो टिकव रे म्हाराजा. व्हय म्हाराजा. आवाज बारीक, पण तोच.

मग पुढचं आलं. देवदिवाळीच्या दिसा ह्या बायचा आयकना मीया बंद केलंय रे म्हाराजा. ती बिघडाक नाय, मुकी होवक नाय, मीया तिका मुकी केलंय. घरवाली माका सोडून तिच्याशी बोलता, ता माका सोसला नाय. त्यापायी ती पडली. माझा चुकला, माका माफ कर रे म्हाराजा.

व्हय म्हाराजा आलं नाही. ऐकू आलं नसेल असं वाटून मी पुन्हा लावलं. तीच वाक्यं, तोच गोड आवाज. तिने जोडलेले हात हळूहळू सोडले आणि चादरीखाली घेतले.

याला आज सहा दिवस झाले. ती रागावलेली नाही, निदान तसं दिसत नाही. भरवलं तर खाते, कुशीवर वळवलं तर वळते. फक्त बोलत नाही. माझ्याशी नाही, सत्यवानाशी नाही, तुझा फोन आला तर मी कानाला लावतो, तेव्हाही नाही. पाणी हवं असलं की हातातली बांगडी खाटेच्या लाकडावर दोनदा आपटते. माझीच भाषा मला परत दिली. त्या आवाजाने मी जिथे असेन तिथून धावत येतो, आणि येऊन काठी आपटतो, म्हणजे तिला कळावं मी आलो. असं आमचं दिवसभर चालतं. मला ती फक्त माझ्याशी बोलायला हवी होती. आता या घरात कोणी कोणाशीच बोलत नाही.

बटण मी त्याच दिवशी पुन्हा निळं केलं. ती हाक मारत नाही.

तू ये. गुडघा घेऊन ये, सत्यवानला गाडी घेऊन पाठवतो. माझी बाजू मांडू नकोस, मला बाजू नाही. नुसती तिच्याजवळ बसून बोल. ती कोणाशीही बोलली तरी चालेल, माझ्याशी नाही बोलली तरी चालेल, पण घरात तिचा आवाज येऊ दे.

लोभ वाढवू नकोस, आहे तेवढा राहू दे.

तुझा
दादा

ता. क. पत्र बंद करणार होतो. बाहेर टीव्ही चालू राहिला होता, त्यावर कोणीतरी काहीतरी बोललं आणि उशाशी ठेवलेला फोन आपोआप जागा झाला. मी आपली काय मदत करू शकते, असं विचारलं त्याने. वहिनीने त्याच्याकडे तोंड वळवलं, मीही वळवलं. थोडा वेळ वाट बघून तोही गप्प झाला.