बाही काचत होती

३ मार्च
राज्याभिषेकाचा झगा मीच शिवायचा! राजवाड्यातून माणूसच आला सांगायला. राजा पळाल्याला दोन महिने झाले, लढाई सेनापतीसाहेबांनी जिंकली, आणि गल्लीगल्लीत एकच हट्ट — साहेबच राजा हवेत. बारा वर्षं त्यांचे गणवेश शिवतेय. 

९ मार्च
किरमिजी मखमल. जास्तीचं वीतभरही कापड नाही. चुकायची सोय नाही.

१४ मार्च
लिहून काढते, नाहीतर डोकं फुटेल.

झगा घालून बघायला साहेब उभे राहिले. भोवती आठ-दहा अधिकारी. उजवी बाही काखेत काचत होती. माझीच चूक, मला दिसत होती.

"कसा बसलाय?"

"अगदी मापात, महाराज."

महाराज! तोंडून गेलंच. अधिकाऱ्यांनी माना डोलावल्या. साहेबांनी हात वर केला — टर्रकन शिवण उसवली.

"बाई, गेल्या वर्षी तुम्ही मला काय म्हणाला होतात?"

मी उसवलेली शिवण चिमटीत धरली. त्यांनीच सांगितलं, "'साहेब, पोट आवरा, नाहीतर बटणं शेजाऱ्यांच्या घरात उडतील.' मग आज काय झालं?"

"आज... तुम्ही राजे होणार ना."

कुणी हसलं नाही. साहेब खाली बसले.  हळूच म्हणाले, "अजून मुकुट डोक्यावर नाही, आणि तुम्ही बाहीबद्दल खोटं बोलता. उद्या लोक उपाशी मेले तर मला कोण सांगणार? आणि माझ्यानंतर माझा मुलगा. त्याच्या तर कानावर खरं कधी पडणारच नाही."

ओरडले नाहीत. तेच जास्त लागलं.

१५ मार्च
उसवलेली बाही पुन्हा शिवायला घेतली.

२० मार्च
चौकात मुंगी शिरायला जागा नव्हती. साहेब जुन्याच गणवेशात आले. "मी राजा होणार नाही. तुमचा कारभारी तुम्ही निवडा. मीही उभा राहीन. नको असेन तर पाडा."

 मग माणसं रडू लागली — शिव्या देत! "आम्हाला वाऱ्यावर सोडलं!" आमच्या शेजारचा न्हावी तर मटकन खालीच बसला. नणंद कानाशी लागली, "वहिनी, त्या दिवशी राजवाड्यात नक्की काय झालं?"

"काही नाही," म्हटलं. काही नाही!

११ मे
साहेबांसमोर उभं कोण, तर मुलींच्या शाळेतल्या मोठ्या बाई! सगळे हसतात. पण बाई दुकानात येऊन सरळ म्हणाल्या, "लढाई संपली. माणसं घरी आणू." साहेब म्हणतात, फौज आणखी दोन वर्षं सीमेवर हवी. आमचे हे चार वर्षं तिथेच आहेत. धाकटीने बापाला पाहिलेलंच नाही.

१८ जून
मतदान करून आले. चिठ्ठीवर शिक्का मारताना हात आपला वाटत नव्हता.

२० जून
साहेब पडले. सहाशे बारा मतांनी! तोफ नाही, रस्त्यावर शिपाई नाही. राजवाड्याच्या पायऱ्या उतरून एकटे चालत गेले. बघ्यांत मी होते. त्यांना मी मत दिलं नव्हतं.