मसुरीएवढा खडा

२ एप्रिल, गुरुवार

एकतीस! एकतीसच्या एकतीस वाडगे भट्टीतून सुखरूप बाहेर. एकाला तडा नाही, झिलई कुठे ओघळलेली नाही. माझे असते तर निम्मे फुटले असते — पण हे माझ्या गुरूंचे, वर्नाबाईंचे आहेत.

बाई दहाला आल्या. एकेक वाडगा उचलून गालाला लावून बघत होत्या. दोन वर्षांपूर्वीच्या कॅन्सरच्या औषधांनी बोटांची टोकं बधिर झालीत. कप हातात आहे की नाही हे बघून कळतं, म्हणतात. डॉक्टर म्हणतो, संवेदना परत येईल, कदाचित येणार नाही. (याला चार वर्षं शिकून यायला लागतं!) दोन वर्षं चाकाला हात नव्हता. मग जानेवारीत एक दिवस शेडचं दार लावलं, रेडिओ मोठा केला आणि बसल्या. कोणाला आत येऊ दिलं नाही. मलाही नाही.

माझं काम एवढंच — माती मळून पोती दाराशी ठेवायची आणि वाडगे माझ्या भट्टीत भाजायचे. न्यायशास्त्रात घटाची कारणं सांगताना माती येते, कुंभार येतो, चाक येतं, चाक फिरवायची काठीसुद्धा येते. माती वाहून आणणारं गाढव मात्र कारणांत धरत नाहीत. सांगलीला सतरा वर्षं हे पोरांना शिकवलं तेव्हा वाटलं नव्हतं की कॅरोलायनात येऊन आपणच ती जागा भरू.

"मास्तर, तोंड मिट," बाई म्हणाल्या. "पराग जाईल." पाइनची झाडं सध्या पिवळी भुकटी उडवताहेत, गाड्या हळदीत लोळल्यासारख्या दिसतात.

अठराला विक्री. त्या दिवशी अंगणात दोरी बांधायची, लोक पहाटेपासून दोरीमागे रांगेत उभे, नऊला दोरी सोडली की वाडग्यांवर धाड! बाईंच्या अंगणात दोन वर्षं दोरी नाही. आता त्यांचा भाचा रॉइस पाटी रंगवतोय. त्याला विचारलं, काय लिहितोस? म्हणाला, "'वर्नाआत्या परत आली.' आत्या म्हणते, मी गेले कुठे होते?"

३ एप्रिल

मातीकामाच्या मासिकाचं सदर लिहून धाडलं. या खेपेला विस्कॉन्सिनच्या एका दंतवैद्याचं पत्र — भट्टी लावली की घरातले दिवे जातात. खोदून विचारल्यावर कळलं, भट्टी कपडे वाळवायच्या यंत्राच्या सॉकेटला, तीही लांब वायर जोडून! लिहिलं: भट्टीला तिची स्वतःची लाइन, तिचा स्वतःचा ब्रेकर, मधे एक्स्टेन्शन नाही, भिंतीपासून दीड फूट दूर. दुसऱ्या बाईंच्या ताटल्यांना तळाशी सापासारखी चीर पडते — तळ दाबून घ्या, चाकावर पाणी साचू देऊ नका, हळू वाळवा.

बारा वर्षं हे सदर लिहितोय. लोकांना वाटतं, या माणसाच्या घरी काही फुटत नसेल.

५ एप्रिल, रविवार

दुपारी बायकोबरोबर जेवताना खोलीत 'टक्' असा आवाज झाला. मृणाल म्हणाली, "पाल पडली का?"

पाल नव्हती. मांडणीवरच्या वाडग्याच्या पोटातून नखाएवढा टवका उडाला होता. खड्ड्याच्या मधोमध पांढरा ठिपका.

पुढचं जेवण गेलं नाही.

६ एप्रिल

आणखी दोन.

तो पांढरा ठिपका म्हणजे मातीत आलेलं प्लास्टर. भट्टीत त्याचा चुना होतो. भट्टीतून निघाल्यावर तो चुना हवेतला ओलावा पीत बसतो, फुगतो आणि वरची माती उडवतो — आज, उद्या, महिन्यानंसुद्धा. आतून कुठे आणि किती, हे फोडल्याशिवाय कळत नाही.

माती विकणाऱ्याला फोन केला. गोड शब्दांत भांडलो. मग माझ्या शनिवारच्या वर्गातल्या प्लास्टरच्या साच्यांवर संशय. रॉइसला म्हटलं, शेडमध्ये भिंतीचं प्लास्टर पडतंय का? तो म्हणाला, "मास्तर, शेड लाकडाची आहे."

७ एप्रिल

लादी पाहिली. मीच.

८ एप्रिल

काल एक ओळ लिहून वही मिटली. आज लिहितो, नाहीतर डोक्यात फिरत राहील.

ओली माती सुकवायला माझ्याकडे प्लास्टरची लादी आहे. वाया गेलेली माती भिजवायची, लादीवर पसरायची, लादी पाणी शोषते, मग माती मळायला घ्यायची. या लादीला धातू लावायचा नाही. लाकडी पट्टीनंच माती काढायची, लादीचा कोपरा झडला तर ती लादी फेकायची. हे कोणी लिहिलंय? मी! मार्चच्या अंकात, ठळक अक्षरांत, वर 'कधीही' दोन वेळा.

जानेवारीत थंडी कडाक्याची, माती लादीला धरून बसली होती. लाकडी पट्टी वाकत होती. बाई पहिल्यांदाच चाकावर बसणार, उद्याच माती हवी म्हणाल्या होत्या. मी खिळ्यावरची लोखंडी पत्री घेतली. एकदाच. खरवडताना 'कर्र' आवाज आला होता — आज तो स्वच्छ आठवतो, तेव्हा ऐकू आला नाही. लादीचा डावा कोपरा चमच्यानं श्रीखंड काढावं तसा खोल गेलाय.

गाढव घटाचं कारण नसतं म्हणे. घट फुटण्याचं असतं.

९ एप्रिल

एक उपाय वीटभट्टीवाल्यांचा — माल गरम असतानाच पाण्यात बुडवायचा, चुना भिजून मऊ पडतो, फुगत नाही. पण भट्टी उघडून आठवडा झाला, शिवाय वाडग्यांना झिलई आहे. पाणी शिरणार ते फक्त तळाच्या कोऱ्या कडेतून. तरी उरलेले अठ्ठावीस अंघोळीच्या टबात घातले.

मृणाल संध्याकाळी फार्मसीतून आली, टबाकडे बघत उभी राहिली.

"यांचं झालं की मला सांग," म्हणाली. "मी नंतर करते."

मग सगळं सांगितलं. तिनं विचारलं, "बाईंना सांगितलंस?"

नाही.

१० एप्रिल

पाण्यातसुद्धा टक्. बुडबुडा येतो फक्त.

पुन्हा जास्त आचेवर भाजू का? नाही. ही लाल माती, आच वाढवली की बसते — वाडग्यांच्या थाळ्या होतील. चुना टोकरून लुकण भरू? लोक यांत सूप पिणार! फसवणूक ती. सदराच्या संपादकबाईंचा निरोप: जूनच्या अंकासाठी विषय सुचवते, 'वाया गेलेली माती पुन्हा कशी वापरावी'. हसू आलं, मग आलेलं हसू थांबेना. मृणाल येऊन बघून गेली.

११ एप्रिल, शनिवार

बाईंचा फोन. आवाजच वेगळा, चढा.

"मास्तर, माझ्या पोरांचं कसं चाललंय?"

"छान आहेत."

"सगळ्यात ओबडधोबड कुठला आहे?"

"सगळेच."

"खोटारड्या! ऐक, मी आज बिस्किटांचं पीठ हातानं मळलं. दोन वर्षांनी. दगड झालेत, रॉइसनं तीन खाल्ली बिचाऱ्यानं. मे महिन्यात सुरया करीन म्हणते. गळा काढायला बोटं लागतात, बघू."

बघू, म्हणालो. फोन ठेवला. मांडणीकडे पाठ करून बसलो.

या बाईंनी मला चाळिशी उलटल्यावर चाकावर बसवलं. पहिल्या आठवड्यात काय शिकवलं — पाठ सरळ, कोपर मांडीला टेकव, खडा लागला तर काढ, परातीच्या कडेला पूस, चाक थांबवू नकोस. त्या बोलत राहायच्या आणि बोलता बोलता माझ्या मातीतून खडा उचलायच्या, मला न दिसलेला. म्हणायच्या, बोटांना विचार, डोळ्यांना काय कळतंय! आम्हाला चाकाभोवतीची परात रोज धुवायची सक्ती, स्वतःची कधी धुणार नाहीत. रॉइस म्हणतो, आत्याच्या परातीत गेल्या शतकातला चिखल सापडेल.

१३ एप्रिल

पाऊस. पराग धुऊन गेला, हवा ओली. चुन्याला तेच हवं. सकाळपासून सात. उरले चौदा, तेही कधी उडतील सांगता येत नाही. एकही विकता येणार नाही. एकही कोणाच्या ओठाला लावू देता येणार नाही.

न्यायशास्त्रात फुटल्यानंतरच्या अभावाला प्रध्वंसाभाव म्हणतात. त्याला आरंभ आहे, अंत नाही. परीक्षेत दोन गुणांना यायचा.

१४ एप्रिल

गाडी त्यांच्या फाटकापर्यंत नेली. पाटी लागलीय: 'वर्नाआत्या परत आली'. अक्षरं निळी. गाडी वळवली.

१५ एप्रिल, बुधवार

सांगितलं.

सगळं. लादी, पत्री, कोपरा, टब. तीन फुटके वाडगे पुढे ठेवले. ओरडतील वाटलं होतं. ओरडायला हव्या होत्या. आयुष्यभर ओरडल्यात माझ्यावर!

वाडगा डोळ्यांजवळ धरला. खड्ड्यात बोट फिरवलं. मग विचारलं, "केवढे होते रे?"

"काय?"

"खडे. प्लास्टरचे. केवढे?"

आणि मी — खरं बोलायचं ठरवून आलेला मूर्ख — म्हणालो, "काही तांदळाएवढे. काही मसुरीएवढे."

बाईंनी वाडगा खाली ठेवला. बाहेर रॉइस गवत कापत होता.

"मसुरीएवढा," म्हणाल्या. "पूर्वी मातीत केस आला तर मला कळायचा. माझाच की मांजराचा, तेही कळायचं. आणि मसुरीएवढा खडा माझ्या बोटाखालून शंभरदा फिरला, मला पत्ता नाही."

"बाई, चूक माझी आहे."

"तुझीच आहे, गाढवा. पण तुझी चूक लादीपुरती. मला वाटलं होतं, परत आलंय. थोडंसं. वाडगे उभे राहिले ना! ते सवयीनं उभे राहिले. हातांना पाठ होतं, कळत काही नव्हतं." मग अगदी शांतपणे, दुकानदाराशी बोलावं तसं: "शनिवारी रॉइसला घेऊन चाक ने. जड आहे, एकट्यानं उचलू नकोस. तुझ्या वर्गाला होईल."

"मी चाक नेणार नाही."

"मग तो भंगारवाला नेईल."

निघताना पाठीवर थोपटलं. पंधरा वर्षांत पहिल्यांदा. ते फार वाईट.

१६ एप्रिल

भुकटीएवढे, म्हणालो असतो तर? पिठाएवढे! कोणालाच लागले नसते, असं सांगता आलं असतं. एका शब्दाचा प्रश्न होता. मला मसूरच आठवावी!

मृणाल म्हणते, त्यांना कळलंच असतं. असेल. पण मे महिन्यात, एक सुरई झाल्यावर कळलं असतं.

लादी अंगणात नेऊन घणानं फोडली. काही वाटलं नाही. पत्री नदीत फेकून आलो, मग वाटलं, पत्रीनं काय केलं होतं?

१७ एप्रिल

रॉइसनं पाटी काढली. दोरी बांधलेलीच नव्हती. सदराला कळवलं, जूनमध्ये मी लिहिणार नाही, त्यानंतरचं माहीत नाही. कारण विचारू नये.

अखेरचं मोजलं. अकरा धड. टक् वाजेल म्हणून आता कान लावून बसत नाही.

१८ एप्रिल, शनिवार

चाक भंगारात जाण्यापेक्षा माझ्याकडे राहिलेलं बरं, म्हणून दुपारी दोनला रॉइसबरोबर शेडमध्ये गेलो. बाई घरातच थांबल्या. खिडकीचा पडदा ओढलेला.

जानेवारीपासून त्या शेडमध्ये त्यांच्याखेरीज कोणी गेलं नव्हतं. रेडिओ तिथेच. स्टुलावर मळका रुमाल. रॉइसनं प्लग काढला, "तू ती बाजू धर" म्हणाला. मी वाकलो.

परात नेहमीसारखी न धुतलेली. लाल चिखल वाळून तडकलेला. आणि आतल्या कडेला, उजव्या हाताला, जिथे बोट सहज पोचतं तिथे — पांढरे ठिपके. एका ओळीत. खडे! प्रत्येक खडा कडेला पुसून दाबलेला, प्रत्येकाखाली वाळलेल्या चिखलात बोटाचा ठसा.

मोजले. रॉइसला मोजायला लावले. एकोणीस. मसुरीएवढे पाच, तांदळाएवढे बरेच, आणि शेवटच्या टोकाला एक — चष्मा काढून, नाक टेकवून बघावा लागला — खसखशीएवढा.

रेडिओ ऐकत बसल्या असतील. बोटांनी त्यांना न विचारताच काढले.

"उचलायचं ना चाक?" रॉइस म्हणाला.

"नाही. ही परात तेवढी सोडव. हळू — कडेला हात लावू नकोस. आत्याला नेऊन दाखवू."