आई थांबते तेवढी जागा

इस्लामपूर,
कोजागिरी, १९९८

तीर्थरूप दादा यांस,
धाकट्या शालनचा वाकून नमस्कार.

इकडे सगळे बरे आहेत, म्हणजे माणसं बरी आहेत. यंत्रांविषयी पुढे लिहिते. तुमच्या गुडघ्याचं कसं आहे? वहिनींनी कळवलं की तुम्ही रोज सिद्धनाथाच्या देवळापर्यंत चालत जाता आणि येताना कुणाच्या तरी मोटारसायकलवर येता. म्हणजे निम्मा व्यायाम होतो, तेही थोडं नाही. (हे वाक्य खोडणार होते. या पत्रात थट्टा करण्याचा अधिकार मला आहे की नाही, ते शेवटी तुम्हीच ठरवा.) दसऱ्यापासून मी रोज डायरीत ‘आज दादांना लिहायचं’ असं लिहिते, आणि तेवढं लिहिलं की लिहिल्यासारखंच वाटतं.

उन्हाळ्यात तुम्ही आईच्या कॅसेटी बिस्किटाच्या डब्यात घालून माझ्या हवाली केल्या. तुम्ही आसामात होता तेव्हा आईने तुमच्यासाठी बोलून पाठवलेल्या. फीत खरखरायला लागली आहे, कॉम्प्युटरात घालून ठेव, म्हणालात. आमच्या घरी वायरीने जोडलेले दोन कॉम्प्युटर आहेत, एक माडीवर ह्यांचा आणि एक खाली माझा, आणि दोघांचं सगळं साठवणारी पेटी जिन्याखाली. (दुमजली घरात एवढ्या वायरी कशाला, हाक मारली तरी ऐकू येतं, असं तुम्ही तेव्हा म्हणाला होता. मी हसले होते. आता हसत नाही.) त्या पेटीत एकीखाली एक अशा दोन हार्ड डिस्क असतात. जे एकीवर जातं तेच दुसरीवर जातं, म्हणजे एक गेली तरी दुसरी असते. ह्या व्यवस्थेचा ह्यांना फार अभिमान होता.

मी रोज दुपारी एकेक कॅसेट लावून आवाज पेटीत भरत होते. आसाम लांब आहे म्हणून आई ओरडून बोलते, ते तुम्हाला ठाऊकच आहे. पण एक गोष्ट मी विसरले होते. आई प्रश्न विचारून थांबते. “पायात बूट घालतूस न्हवं?” म्हणते आणि गप्प बसते. तुम्ही उत्तर द्यायला लागेल एवढा वेळ थांबते, मग “बरं” म्हणून पुढे म्हशीवर जाते. डिस्क भरत आली तेव्हा हे म्हणाले, गप्प राहण्यालाही बोलण्याइतकीच जागा लागते, तेवढं कापून टाक, सगळं मावेल. मी कात्रीसारखं ते चिन्ह आणून ठेवलं आणि माझ्याच्याने होईना. ती तुमच्या उत्तरासाठी थांबलेली. ते थांबणं मधून काढायचा अधिकार मला कुणी दिला? (आता वाटतं, कापलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण कापलं असतं तर त्याचं पत्र लिहावं लागलं असतं.) मी हट्ट धरला. ह्यांनी पुण्याहून मोठ्या डिस्क मागवल्या.

रीत अशी, की एक जुनी काढायची, तिच्या जागी नवी बसवायची, उरलेल्या जुनीवरून नवीवर सगळं उतरू द्यायचं. मग दुसरी बदलायची. ह्यांनी वरची जुनी काढून तिथे नवी बसवली, उतरणं सुरू केलं, आणि कारखान्यावर गेले. बॉयलर पेटवायचा कार्यक्रम होता, आठवडाभर तिकडेच मुक्काम. इकडे उतरणं जेमतेम सुरू झालेलं, तोवर उजाडली खंडेनवमी.

तुम्ही फौजेतले, तुम्हाला सांगायला नको. त्या दिवशी हत्याराला काम लावायचं नाही. मी कारखान्यावर फोन केला. हे म्हणाले, कर बंद, बिघडत नाही. उद्या चालू केल्यावर यंत्र विचारेल, तेव्हा खालच्यावरून वरच्यावर उतरव म्हणून सांग. मी पेटीवर हळदकुंकू वाहायला गेले तर सासूबाईंनी हात धरला. “डबड्याला कशाला कुंकू लावतीस गं? राबतंय आतलं, आन् पूजा डबड्याची?” दादा, मला ते पटलं. एमए होऊन वीस वर्षं झाली, मला अजून मुद्दा चटकन पटतो. मी दोन्ही डिस्क बाहेर काढल्या, विळ्याखुरप्यांशेजारी पाटावर मांडल्या, फूल वाहिलं, आणि संध्याकाळी परत बसवल्या. बसवताना जुनी वर ठेवली, नवी खाली. आपल्यात थोरल्याला खाली कोण बसवतं? हात आपोआप तसे गेले. एवढंच घडलं.

दुसऱ्या दिवशी यंत्राने विचारलं. मी ह्यांनी सांगितलं ते अक्षरशः केलं. खालच्या कोऱ्या डिस्कने आपला सगळा कोरेपणा वरच्या जुनीवर अगदी काळजीपूर्वक उतरवला.

तुम्ही म्हणाल, आधी काढलेली जुनी होती ना? होती. ती मी टेबलावर ठेवली होती. सासूबाईंना ती पूजेतून राहिलेली दिसली. पारोसं हत्यार पूजायचं नाही म्हणून त्यांनी ती चिंच लावून घासली, नळाखाली धुतली आणि उन्हात वाळवली. चकाकते मात्र छान.

आणि कॅसेटी? मी सासूबाईंना कौतुकाने सांगितलं होतं की आईचा आवाज आता कॉम्प्युटरात काढून घेतला. त्यांचा हिशोब सरळ. दूध काढून घेतलं की चरवी रिकामी. नवरात्रात भजनी मंडळाला भजनं भरायला कॅसेटी हव्या होत्या, त्यांनी डबा दिला. भजनं चांगली झाली आहेत. रंगूबाईंचा आवाज खणखणीत आहे. सासूबाईंना मी काही बोलले नाही. त्यांनाच कुणीतरी सांगितलं. त्या दिवसापासून दूरदर्शन बंद करून बसतात आणि मधूनच विचारतात, “तुझ्या आयेचं तोंड मी बंद केलं का गं?” मी न्हाई म्हणते. ते खरं आहे, कारण ते मी केलं.

वहिनींना नमस्कार सांगा. रागावला असाल तर पत्राने रागवू नका, येऊन रागवा.

तुमची,
शालन

ता. क. पत्र लिहिलं ते यासाठी. आसामात तुम्ही त्या कॅसेटी इतक्यांदा ऐकल्यात की आई कुठे खोकते तेही सांगायचा. भाऊबीजेला या. टेपसमोर बसून आठवेल तसं तुम्ही म्हणा, तिच्यासारखं ओरडून. बुटाचं विचारून झालं की थांबा. आणि या वेळी उत्तरही द्या.

दुसरा ता. क. हे लिहू की नको, असं वरचं सगळं पत्र लिहिताना चाललं होतं. शेवटच्या कॅसेटवर भजन संपल्यावर फीत थोडी उरली आहे. काल ती सासूबाईंनीच लावली, मला हाका मारून बोलावलं आणि रडायला लागल्या. तिथे आई आहे. पण तुमच्याशी बोलत नाही, माझ्याशी बोलते. टेप धरून मी शेजारी बसायचे ना. म्हणते, “झालं का गं शालन? कर की बंद आता, सेल जात्याल.” आणि थांबते. मी तेव्हाही लगेच बंद केलेला नव्हता, असं दिसतं.

कॅसेटच्या पाठीवरचे ते प्लॅस्टिकचे दोन तुकडे मी मोडून टाकले आहेत, म्हणजे आता तिच्यावर कुणाला काही भरता येणार नाही. हे विचारतात, कॉम्प्युटरात घालूया का. मी अजून उत्तर दिलेलं नाही.